औषधी द्रव्यांची ‘उत्पत्ती’ : मुक्त व्यापार करारांतील उत्पत्तीचे नियम व संचयन

(औषधनिर्माते व औषधालय-चालक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

आयुर्वेदात द्रव्याचा विचार देशाशिवाय पूर्ण होत नाही. जांगल, आनूप व साधारण हे देशभेद आपण विद्यार्थिदशेतच शिकलो. द्रव्य कोणत्या भूमीत जन्मले, कोणत्या ऋतूत काढले, कसे साठवले, यावर त्याचे वीर्य अवलंबून असते हे चरकसंहितेच्या कल्पस्थानातील औषधिसंग्रहणाचा विचार वाचलेल्या प्रत्येक वैद्याला ठाऊक आहे. परंतु आजच्या औषधालयात त्याच द्रव्याकडे आणखी एका दृष्टीने ‘तुझा देश कोणता?’ असे विचारले जाते. हा प्रश्न विचारणारा असतो सीमाशुल्क विभाग, आणि त्याच्या उत्तरावर शुल्काची सवलत, कधी दंड, तर कधी माल आत येणार की नाही हेही ठरते.

चंदगडसारख्या डोंगरी तालुक्यातील छोट्या औषधालयाचा या प्रश्नाशी काय संबंध, अशी शंका काही वाचकांना येईल. आपल्या कोठीतील बरण्यांकडे एकवार पाहावे. हिरडा तिलारीच्या खोऱ्यातला किंवा शेजारच्या रानातला असेल. परंतु हिंग मध्य आशियातला, सैंधव परवापर्यंत पाकिस्तानातला, जटामांसी नेपाळमधली आणि मिरे मलबारचे की व्हिएतनामचे हे बेळगावच्या व्यापाऱ्यालाच ठाऊक. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही उत्पत्तीचे नियम व संचयन या दोन संकल्पनांचे विवेचन आपल्या व्यवसायातील उदाहरणांच्या आधारे करीत आहोत.

१. उत्पत्तीचे नियम कशासाठी?

दोन किंवा अधिक देश मुक्त व्यापार करार करतात, तेव्हा ते एकमेकांच्या मालावरील शुल्क कमी करतात किंवा पूर्ण उठवतात. ही सवलत करारातील देशांच्या मालासाठी असते, जगातील सर्व मालासाठी नव्हे. मग तिसऱ्या देशाचा माल करारातील एखाद्या देशात उतरवून, नवे खोके चढवून सवलतीने पुढे पाठवणे सोपे होईल. हा चोरमार्ग बंद करण्यासाठी माल खरोखर कोणत्या देशाचा हे ठरवणारे नियम करारातच लिहिलेले असतात. त्यांनाच उत्पत्तीचे नियम म्हणतात.

याचे आपल्या परिसराला जवळचे उदाहरण काळ्या मिरीचे. भारत व श्रीलंका यांच्यातील मुक्त व्यापार करारावर २८ डिसेंबर १९९८ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या आणि १ मार्च २००० पासून तो अमलात आला. या करारान्वये श्रीलंकेची मिरी ठरावीक प्रमाणापर्यंत शुल्कमुक्त येऊ शकते. पुढे २०१६-१७ च्या सुमारास व्हिएतनामची स्वस्त मिरी श्रीलंकेमार्गे, श्रीलंकेची म्हणून येत असल्याची तक्रार कर्नाटक व केरळ येथील मिरी-उत्पादकांनी केली. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने मिरीच्या आयातीसाठी किलोस ५०० रुपये किमान आयात-मूल्य ठरवले आणि मार्च २०१८ मध्ये त्याहून कमी मूल्याच्या आयातीस मनाई केली. कोकण, गोवा व चंदगडच्या बागांत सुपारीच्या किंवा नारळीच्या झाडावर मिरवेल चढवणाऱ्या शेतकऱ्याच्या भावाशी हा कागदी वाटणारा विषय असा थेट जोडलेला आहे.

२. उत्पत्ती ठरवण्याच्या दोन वाटा

पहिली वाट ‘संपूर्णतः प्राप्त’ मालाची. जे त्या देशाच्या भूमीत उगवले, तेथेच काढले, खणले वा गोळा केले, ते त्या देशाचे. रानातून वेचलेला हिरडा, शेतातली हळद, खाणीतून काढलेले सैंधव ही याची उदाहरणे. येथे वनस्पतिशास्त्रीय मूळ आणि व्यापारी उत्पत्ती यांची गल्लत करू नये. काजू हे झाड मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणले. तरीही चंदगड-आजऱ्याच्या लाल मातीत पिकलेला काजू करारांच्या दृष्टीने निखळ भारतीय उत्पत्तीचा आहे. त्याचप्रमाणे बी-बियाणे परदेशी असले, तरी पीक जेथे उगवून काढले त्या देशाचे मानण्याकडे करारांचा कल असतो.

दुसरी वाट ‘पुरेशा रूपांतरा’ची. बाहेरचा कच्चा माल आणून त्याचे खऱ्या अर्थाने नवे द्रव्य केले, तर ते द्रव्य करणाऱ्या देशाचे ठरते. आपल्या भाषेत सांगायचे तर येथे ‘संस्कार’ तपासला जातो. संस्काराने गुणांतर झाले की नाही हे पाहण्याच्या सामान्यतः दोन कसोट्या आहेत.

(अ) संकेतांक-बदलाची कसोटी : जगातील सर्व व्यापारी मालाला सुसंगत पद्धतीचे संकेतांक (एच. एस. कोड) दिलेले आहेत. पहिले दोन अंक प्रकरण, चार अंक शीर्ष आणि सहा अंक उपशीर्ष दाखवतात. औषधी वनस्पतींचे शीर्ष १२११, मिरी व पिंपळीचे ०९०४, सुंठ-हळदीचे ०९१०, हिंगासारख्या निर्यासांचे १३०१, वनस्पतींच्या अर्कांचे १३०२, तर किरकोळ विक्रीसाठी बांधलेल्या औषधांचे ३००४. भारतीय शुल्कसूचीत आयुर्वेदीय औषधांना ३००३ ९० ११ व ३००४ ९० ११ असे स्वतंत्र संकेतांक आहेत. आणलेल्या मालाचे शीर्ष आणि तयार मालाचे शीर्ष वेगळे असेल, तर ही कसोटी उतरली असे मानतात. काही करारांत चार अंकांत बदल लागतो, काहींत सहा अंकांतला बदल पुरतो.

(आ) मूल्यवर्धनाची कसोटी : तयार मालाच्या जहाजावर चढेपर्यंतच्या मूल्यात (एफ. ओ. बी. मूल्य) देशातील वाटा किती टक्के, हे येथे पाहतात. सोपे सूत्र असे : एफ. ओ. बी. मूल्यातून परक्या कच्च्या मालाचे मूल्य वजा करावे, उरलेल्याला एफ. ओ. बी. मूल्याने भागून शंभराने गुणावे.

चार अंक व सहा अंक यांतील भेद किती महत्त्वाचा, हे काजूवरून उत्तम समजते. आपल्याकडील हंगाम संपला की प्रक्रिया-उद्योगाला आफ्रिकेतून आलेल्या कच्च्या काजूबीचा आधार घ्यावा लागतो. कवचासहित काजूचा संकेतांक ०८०१ ३१ व सोललेल्या गराचा ०८०१ ३२. सहा अंकांत बदल झाला, परंतु चार अंकांचे शीर्ष ०८०१ तेच राहिले. म्हणजे ज्या करारात शीर्षबदल आवश्यक, तेथे आफ्रिकेच्या बीपासून काढलेला गर भारतीय ठरत नाही. शिवाय अनेक करारांत कवच काढणे हीच ‘किरकोळ क्रिया’ म्हणून नोंदलेली असते. मिरी दळण्याचेही तेच : अखंड मिरी ०९०४ ११, दळलेली ०९०४ १२.

३. किरकोळ क्रिया : चूर्णांसाठी धोक्याची सूचना

प्रत्येक करारात काही क्रियांची यादी असते, ज्यांनी उत्पत्ती कधीच मिळत नाही. चाळणे, निवडणे, धुणे, वाळवणे, पुन्हा पॅकिंग करणे, लेबल लावणे, पाणी घालून सौम्य करणे आणि ‘साधे मिश्रण’ या क्रिया तेथे सामान्यपणे आढळतात. परदेशी मिरे किलोच्या पाकिटांत भरून त्यावर आपल्या औषधालयाचे नाव छापले, तर मिरे भारतीय होत नाहीत, हे सर्वांना पटेल. परंतु ‘साधे मिश्रण’ या दोन शब्दांकडे चूर्ण करणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे.

आसव-अरिष्ट, घृत, तेल, अवलेह यांत पाक व संधान असल्याने रूपांतर उघड दिसते. चूर्णात मात्र परदेशी अधिकारी असे म्हणू शकतो की हे केवळ दळून एकत्र केले आहे. ‘साधे’ म्हणजे ज्याला विशेष कौशल्य, यंत्रसामग्री वा व्यवस्था लागत नाही ते, अशी व्याख्या सामान्यतः केली जाते. म्हणून शोधन, भर्जन, सूक्ष्मता, मिश्रणाची समानता, प्रत्येक घाण्याची चाचणी यांच्या नोंदी व्यवस्थित ठेवणे हेच आपले उत्तर आहे. औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांच्या ‘टी’ अनुसूचीप्रमाणे ज्या नोंदी आपण ठेवतोच, त्याच येथेही उपयोगी पडतात.

४. संचयन म्हणजे काय?

आता पाठाच्या मुख्य भागाकडे वळू. एखादा माल करताना दुसऱ्या करारबद्ध देशाचा कच्चा माल वापरला, तर तो परका धरायचा की आपला? संचयनाचा नियम सांगतो की ठरावीक अटींवर तो आपला धरावा. वेगवेगळ्या ओढ्यांचे पाणी एका तळ्यात जमावे, तसे करारातील देशांचे मूल्य एका खात्यात जमते, म्हणून त्यास संचयन म्हणावयाचे.

संचयनाचे तीन प्रकार सांगतात. दोनच देशांत चालते ते द्विपक्षीय. समान नियम मान्य केलेल्या अनेक देशांत चालते ते विकर्ण वा प्रादेशिक. या दोन्हींत आणलेला कच्चा माल स्वतः त्या देशाच्या उत्पत्तीचा सिद्ध झालेला असावा लागतो. तिसरे, पूर्ण संचयन. यात कच्चा माल स्वतः उत्पत्तीस पात्र नसला, तरी त्यावर करारातील देशांत झालेली प्रत्येक प्रक्रिया मोजली जाते.

आपल्या उपयोगाचे तीन करार पाहू.

भारत-श्रीलंका करारात सामान्य अट अशी की परका माल एफ. ओ. बी. मूल्याच्या ६५ टक्क्यांहून अधिक नसावा व चार अंकांचे शीर्ष बदलावे. संचयन घेतल्यास निर्यात करणाऱ्या देशातील मूल्यवर्धन किमान २५ टक्के आणि दोन्ही देशांचे मिळून किमान ३५ टक्के असावे.

दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा (साफ्टा) करार ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबाद येथे झाला व १ जानेवारी २००६ पासून अमलात आला. त्यात सामान्यतः ४० टक्के, श्रीलंकेसाठी ३५ टक्के व अल्पविकसित देशांसाठी ३० टक्के देशांतर्गत वाटा लागतो. प्रादेशिक संचयनात सर्व सदस्य देशांचा मिळून ५० टक्के व अखेरच्या निर्यातदार देशाचा किमान २० टक्के वाटा हवा, शीर्षबदल हवाच.

आसियान-भारत वस्तुव्यापार करारावर १३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या व १ जानेवारी २०१० पासून तो लागू झाला. त्यात ३५ टक्के प्रादेशिक मूल्य व सहा अंकांतील बदल ही सामान्य कसोटी आहे. एका सदस्याच्या उत्पत्तीचा माल दुसऱ्या सदस्याने वापरला, तर तो वापरणाऱ्याचा मानला जातो.

५. हिंग्वष्टक चूर्णाचे उदाहरण

हिंग्वष्टकातील आठ द्रव्ये सर्वांना मुखोद्गत आहेत : सुंठ, मिरे, पिंपळी, अजमोदा, सैंधव, पांढरे जिरे, शहाजिरे व हिंग. आता एका काल्पनिक औषधालयाचे गणित मांडू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. मलेशियास पाठवायच्या मालाचे एफ. ओ. बी. मूल्य १००० रुपये धरू. त्यात उझबेकिस्तानचा हिंग ४८० रुपये, इराणचे शहाजिरे ७० रुपये, परदेशी सैंधव १० रुपये, व्हिएतनामचे मिरे ७० रुपये आणि इंडोनेशियाची पिंपळी ९० रुपये. उरलेली द्रव्ये, मजुरी, भर्जनासाठी तूप, बांधणी व नफा भारतातील.

संचयन न धरल्यास परका माल ४८० + ७० + १० + ७० + ९० = ७२० रुपये. देशातील वाटा २८० रुपये, म्हणजे २८ टक्के. कसोटी ३५ टक्क्यांची, माल नापास.

संचयन धरल्यास व्हिएतनाम व इंडोनेशिया हे दोन्ही आसियानचे सदस्य असल्याने त्यांचे १६० रुपये आपल्या खात्यात येतात. परका माल ५६० रुपये, प्रादेशिक वाटा ४४ टक्के. कसोटी उतरली. मात्र त्यासाठी मिरे व पिंपळी यांची त्या-त्या देशातील उत्पत्ती कागदोपत्री सिद्ध करता आली पाहिजे, आणि किरकोळ क्रियेच्या आक्षेपाला वर सांगितल्याप्रमाणे उत्तर तयार असले पाहिजे.

आता हेच चूर्ण दुबईस पाठवायचे आहे असे समजा. भारत व संयुक्त अरब अमिराती यांचा करार १८ फेब्रुवारी २०२२ रोजी होऊन १ मे २०२२ पासून लागू झाला. तो दोनच देशांचा करार आहे. तेथे व्हिएतनामच्या मिऱ्यांना कोणताही आधार नाही; ते परकेच. म्हणजे एकाच घाण्यातील एकच चूर्ण एका बंदरात आपले आणि दुसऱ्या बंदरात परके ठरू शकते. उत्पत्ती हा द्रव्याचा स्वभाव नसून करारसापेक्ष दर्जा आहे, हे या पाठाचे सार म्हणता येईल.

श्रीलंकेच्या कराराचेही एक गणित सोडवून पाहावे. तेथील कारखान्याने भारतीय वनस्पती वापरून अरिष्ट केले. एफ. ओ. बी. १००० रुपयांत श्रीलंकेतील मूल्य २८० व भारतीय वनस्पतींचे १२० रुपये. एकटा वाटा २८ टक्के, म्हणून सामान्य अट पुरी होत नाही. परंतु संचयनाने २८ हे २५ हून अधिक व एकूण ४० हे ३५ हून अधिक, म्हणून पात्र. तेच श्रीलंकेतील मूल्य २२० व भारतीय वनस्पती ३०० रुपयांच्या असत्या, तर एकूण ५२ टक्के होऊनही माल अपात्र ठरला असता, कारण २५ टक्क्यांची स्वतंत्र अट मोडली. संचयन हे मदतीला येते. निर्यातदार देशाचे स्वतःचे काम ते माफ करीत नाही.

येथे वैद्य म्हणून एक सावधगिरी नोंदवली पाहिजे. सीमाशुल्काला पिंपळीचा देश हवा असतो, तिची जाती नव्हे. इंडोनेशियाकडून जावा पिंपळी ही वेगळी जाती येते; आपली पिंपळी म्हणजे पायपर लाँगम. उत्पत्तीचा दाखला निर्दोष असला, तरी द्रव्याची ओळख व प्रत यांची परीक्षा आपल्यालाच करावी लागते.

६. सैंधवाचा धडा

उत्पत्तीचा नियम सवलतीपुरताच नसतो, हे सैंधवाने दाखवून दिले. सिंधू-प्रदेशाचे नावच धारण करणारे हे लवण आपल्या बाजारात प्रामुख्याने पाकिस्तानातील खेवडा येथील खाणींतून येत असे. २ मे २०२५ रोजी केंद्र शासनाने पाकिस्तानात उत्पन्न झालेल्या वा तेथून निर्यात होणाऱ्या सर्व मालाच्या प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष आयातीवर व मार्गवाहतुकीवर बंदी घातली. यात ‘उत्पन्न झालेल्या’ हा शब्द कळीचा आहे. दुबईच्या बंदरातून आले म्हणून सैंधव दुबईचे होत नाही. त्यानंतर जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा-शेवा येथे, अमिरातीचा माल म्हणून दुबईमार्गे आलेल्या पाकिस्तानी मालाचे कंटेनर जप्त केले. खारीक हा त्यातील माल होता. खारीक व सैंधव दोन्ही आपल्या कोठीत असतात, हे विसरून चालणार नाही. हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात गुम्मा व द्रंग येथे खनिज लवण मिळते, म्हणून पर्यायाचा शोध देशातच आरंभावा. तोच विचार हिंगाचा. पालमपूरच्या हिमालयीन जैवसंपदा संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये लाहौल खोऱ्यात हिंगाच्या रोपांची लागवड केली. ती फळाला आल्यास वरील गणितातील सर्वांत मोठा आकडाच बदलेल.

७. दाखला, पुरावा व जबाबदारी

पूर्वी उत्पत्तीचा दाखला जोडला की आयातदार निश्चिंत असे. वित्त अधिनियम २०२० ने सीमाशुल्क अधिनियम १९६२ मध्ये कलम २८ डीए घातले आणि त्याखालील नियम २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झाले. आता केवळ दाखला पुरत नाही. माल कसा बनला, मूल्यवर्धन किती, कोणती कसोटी लावली, ही माहिती आयातदाराजवळ असावी लागते व ती किमान पाच वर्षे जपावी लागते. मार्च २०२५ मधील दुरुस्तीने ‘उत्पत्ती प्रमाणपत्र’ या शब्दाच्या जागी ‘उत्पत्तीचा पुरावा’ असा व्यापक शब्द आला. माल करारातील देशातून थेट यावा, वाटेत तिसऱ्या बंदरात उतरला तर सीमाशुल्काच्या देखरेखीखालीच राहावा, हीही सामान्य अट आहे.

आणखी एका नामसाधर्म्याकडे लक्ष वेधतो. जैवविविधता (सुधारणा) अधिनियम २०२३ मध्येही लागवड केलेल्या औषधी वनस्पतींसाठी ‘उत्पत्ती प्रमाणपत्र’ आहे. ते स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून मिळते. वनस्पती रानातील नसून लागवडीची आहे, हे दाखवण्यासाठी ते असते. व्यापार करारातील दाखल्याशी त्याचा संबंध नाही. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. तसेच आजरा घनसाळ तांदळाला मिळाले तसे भौगोलिक उपदर्शन हाही तिसराच विषय. व्यापारी उत्पत्तीत चंदगड की बेळगाव हा भेद नसतो, दोन्ही भारतच.

८. औषधालय-चालकांसाठी आचार

(१) प्रत्येक द्रव्याच्या खरेदीनोंदीत ‘उत्पत्तीचा देश’ हा स्वतंत्र रकाना ठेवावा.
(२) परदेशी द्रव्य व्यापाऱ्याकडून घेताना बिलावर देश लिहून घ्यावा व शक्य तेथे आयात-दस्तऐवजाची प्रत मागावी.
(३) देशी व परदेशी मिरे, पिंपळी, जिरे यांचे साठे वेगळे ठेवावेत. एकत्र झालेल्या साठ्याची उत्पत्ती सिद्ध करणे कठीण जाते.
(४) निर्यातीपूर्वी आयात करणारा देश आपला माल औषध, अन्नपूरक की मसाला मानतो हे विचारून घ्यावे. संकेतांक बदलला की कसोटीही बदलते.
(५) करार निवडल्यावर त्याचे वस्तुनिहाय नियमांचे परिशिष्ट स्वतः वाचावे.
(६) परिसरातील हिरडा, बेहडा, आवळा, शिकेकाई, मिरे वेचणाऱ्या वा पिकवणाऱ्यांकडून थेट खरेदी करावी. ‘संपूर्णतः प्राप्त’ मालाला गणिताची गरज पडत नाही, आणि त्याचे मोल गावातच राहते.

सारांश

उत्पत्तीचे नियम माल कोणाचा हे ठरवतात. संपूर्ण प्राप्ती किंवा पुरेसे रूपांतर या त्यांच्या दोन वाटा. संचयन करारातील सोबत्यांचा वाटा आपला मानू देते, परंतु त्याच कराराच्या कुंपणात आणि किमान स्वकष्टाच्या अटीवर. या सर्वांचा पाया एकच : आपल्या कोठीतील द्रव्य कोठून आले हे आपल्याला प्रामाणिकपणे सांगता आले पाहिजे. देशपरीक्षा ही वैद्याची जुनी शिस्त आहे. नव्या काळाने तिला लेखी पुराव्याची जोड मागितली आहे.

अभ्यासार्थ प्रश्न

१. लवणभास्कर चूर्णातील द्रव्यांची यादी करून प्रत्येकासमोर आपल्या कोठीतील मालाचा देश लिहा.
२. नेपाळची जटामांसी वापरून भारतात केलेले तेल बांगलादेशास पाठवायचे आहे. भारतातील वाटा १८ टक्के व नेपाळचा ४० टक्के असल्यास साफ्टाच्या संचयनाची सवलत मिळेल काय? कारण द्या.
३. त्रिकटु चूर्ण व पिप्पल्यासव यांपैकी ‘साधे मिश्रण’ हा आक्षेप कोणावर येऊ शकेल, व त्याचे निरसन कोणत्या नोंदींनी कराल?